फार-रेडला वेगळा स्विच : घरातल्या मांडणीवरच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मांडणी मागच्या खोलीत लावून घेतली. स्वयंपाकघरातली जुनी स्टीलचीच आहे, तीन कप्प्यांची. प्रत्येक कप्पा ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर खोल. खिडकी उत्तरेची, तीही समोरच्या इमारतीने अडवलेली, म्हणून बाहेरच्या उजेडाचा हिशेब धरायची गरज नाही. या हिवाळ्यात इथे एवढंच तपासायचं आहे: लाल आणि फार-रेड हे दोन प्रकाश एकत्र, वेगवेगळे आणि मागेपुढे दिले तर रोपं काय करतात.

थंडीत करतेय कारण लेट्यूस. त्याचं बी तिशीच्या आसपास तापमान गेलं की उगवायचं नावच घेत नाही, आणि पुण्यात मार्च उजाडला की ही खोली पंखा लावूनही तेवढी तापते.

लाल म्हणजे इथे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. फार-रेड म्हणजे ७३० च्या आसपासचा, लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याची दोन रूपं असतात. पहिलं रूप ६६० चा प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलतं, दुसरं ७३० चा शोषून पुन्हा पहिल्यावर येतं. दुसऱ्या रूपाचा वाटा मोठा असला की रोप उन्हात असल्यासारखं वागतं. तो घटला की डोक्यावर सावली आली असं धरून चालतं, कारण वरची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि फार-रेड बराचसा खाली सोडून देतात. उघड्या उन्हात लाल आणि फार-रेड फोटॉनांचं (प्रकाशाच्या कणांचं) प्रमाण १.१ ते १.२ असतं. दाट पानोळ्याखाली ते ०.२ च्याही खाली उतरतं. रोप तेवढ्यावरून ठरवतं: बुटकं राहून पसरायचं की उंच होऊन उजेड गाठायचा.

बाजारात मिळणाऱ्या ज्या ग्रो लाइटमध्ये (घरात रोपं वाढवायच्या दिव्यांत) फार-रेड असतो, त्यांत तो पुष्कळदा बाकीच्या एलईडींबरोबर एकाच तारेवर असतो. लाल लागला की तोही लागतो, लाल विझला की तोही विझतो. हे मला पटत नाही. जो प्रकाश रोपाला संध्याकाळ झाली, सावली आली असं सांगतो, तो दिवसभर नुसता सोबत जळत ठेवण्यात अर्धा उपयोग वाया जातो. माझ्या मांडणीवर फार-रेडला वेगळा ड्रायव्हर (एलईडीला बेताची वीज पुरवणारा), वेगळा टायमर, वेगळा स्विच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज सोल्डरिंग. प्रत्येक कप्प्याला ४००० केल्व्हिनची पांढरी पट्टी, २० वॅटची. तिच्या शेजारी ६६० चे बारा एलईडी एका माळेत. प्रत्येकावर साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे माळेवर २५ व्होल्ट. ३५० मिलिअँपिअरच्या कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर ९ वॅटच्या आत. मधल्या कप्प्याला त्याशिवाय ७३० चे सहा. ते १.९ व्होल्टच्या आसपास चालतात, सहांचे मिळून ४ वॅट.

सगळे एलईडी अॅल्युमिनियमच्या चॅनलवर, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर. तासभर चालवून चॅनलला हात लावला, कोमट होता. हात टिकत नसेल इतका तापला तर चॅनल मोठा घ्यायचा. तापलेला एलईडी उजेडही कमी देतो आणि त्याची तरंगलांबीही थोडी सरकते.

पांढरा कशाला, नुसता लाल का नाही, असं कुणीही विचारेल. विजेच्या हिशेबाने लालच स्वस्त: ६६० च्या एका ज्यूल प्रकाशात ५.५ मायक्रोमोल (मोल म्हणजे इथे फोटॉन मोजायचं एकक) फोटॉन असतात, ४५० च्या निळ्यात जेमतेम ३.८. प्रकाशसंश्लेषणाला फोटॉन मोजून लागतात, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत लाल जास्त काम करतो. पण निळ्याशिवाय रोपं लुळी होतात. शिवाय नुसत्या लाल-निळ्या उजेडात पान खरोखर पिवळं पडलंय की तसं भासतंय हे डोळ्याला कळत नाही. मला रोज सकाळी पान नीट दिसायला हवं, म्हणून पांढरा.

७३० बद्दल एक सावधगिरी. चालू असताना तो विझत आलेल्या निखाऱ्याइतकाच दिसतो, म्हणून माणूस जवळ जाऊन टक लावून बघतो. डोळ्याला मंद वाटला तरी त्यातून येणारी ऊर्जा मंद नसते. पट्टीवर आडपट्टी लावली आहे आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

कप्प्यांच्या मध्ये उजेड सांडू नये म्हणून शेतीच्या दुकानातून मल्चिंग पेपर आणला. चंदेरी बाजू आत, काळी बाहेर. आतला उजेड रोपांवर परततो आणि बाहेरचा आत येत नाही. या कामाला याच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाईंनी (कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवलं त्या) त्यांच्याकडचा क्वांटम मीटर दुपारपुरता दिला. पांढरा आणि लाल मिळून पानांच्या उंचीवर सरासरी १६५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. सोळा तास धरले तर दिवसाला साडेनऊ मोल. लेट्यूससाठी जरा कमीच, पण पुरेल.

मग बाई म्हणाल्या, "आता तुझा फार-रेड लाव बरं."

लावला. मीटरचा आकडा जागचा हलल्यासारखाही वाटला नाही. हा मीटर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलेच फोटॉन मोजतो, आणि ७३० त्याच्या हद्दीबाहेर. दिव्यांच्या माहितीपत्रकातला ठळक आकडाही बहुधा याच हद्दीतला असतो. मोबाइलवरचं लक्स ॲप तर या कामाला अजिबात घेऊ नये. लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं: ५५५ ला संवेदनशीलता १ धरली तर ६६० ला ती ०.०६, आणि ७३० ला त्याच्याही शंभराव्या भागाइतकी. जो प्रकाश रोपाला सगळ्यात जास्त सांगतो, त्याला लक्स मीटर अंधार समजतो.

माझ्याकडे बीपीडब्ल्यू३४ जातीचा सिलिकॉन फोटोडायोड होता. सिलिकॉनमध्ये ६६० आणि ७३० ला दर फोटॉनमागे जवळपास सारखाच विद्युतप्रवाह निघतो. म्हणून पांढरा बंद ठेवून आधी नुसता लाल लावला, मायक्रोअँपिअर लिहून घेतले, मग नुसता फार-रेड. दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजेच फोटॉनांचं गुणोत्तर, फार तर थोडंफार इकडेतिकडे. माझ्या मधल्या कप्प्यात ते २ च्या आसपास आलं. पांढऱ्यातला लाल धरला तर आणखी वर. म्हणजे उघड्या उन्हापेक्षाही लाल जास्त, पण फार-रेड नसलेल्या कप्प्यापेक्षा कितीतरी खाली. सुरुवातीला हे ठीक आहे.

प्रोट्रेत (रोपांसाठीच्या खणाखणांच्या ट्रेत) कोकोपीट भरून लेट्यूस पेरलं, शेजारी रगडलेले धने.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज जुना आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शेती खात्याच्या केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ग्रँड रॅपिड्स जातीच्या लेट्यूसचं बी भिजवून त्यावर एक मिनीट लाल, मग चार मिनिटं फार-रेड, पुन्हा लाल, पुन्हा फार-रेड असा प्रकाश टाकला. शेवटचा प्रकाश लाल असेल तर सत्तर-ऐंशी टक्के बी उगवलं, फार-रेड असेल तर दहाच्या आत. आधी किती वेळा अदलाबदल केली याला काही किंमत नाही, शेवटी काय दिलं तेच बियाला लक्षात राहिलं. तोवर फायटोक्रोम कुणी पाहिलंही नव्हतं. अशाच प्रयोगांवरून ते असलं पाहिजे असं ठरलं आणि १९५९ साली ते यंत्रात प्रत्यक्ष पकडता आलं. त्यांना रंग वेगळे करायला प्रिझम आणि फिल्टर लागले. माझ्याकडे दोन स्विच आहेत.

ग्रँड रॅपिड्स आपल्याकडे पाकिटात सहज मिळतं. चार डब्यांत ओला टिपकागद आणि प्रत्येकी ५० बिया. तीन तास काळोखात भिजू दिल्या. पहिली डबी उघडलीच नाही. दुसरीला लाल. तिसरीला लाल, मग फार-रेड. चौथीला लाल, फार-रेड, परत लाल. खोलीत मिट्ट अंधार, डब्यांच्या झाकणांवर ओळखीसाठी एक, दोन, तीन, चार अशा सुतळीच्या गाठी. सगळं झाल्यावर चारही डब्या मल्चिंग पेपरात गुंडाळून कपाटात. कपाटातलं तापमान २२ ते २३ अंश.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उघडल्या. अंधारातल्या डबीत ५० पैकी ४ उगवल्या. लालमध्ये ४१. लाल-फार-रेडमध्ये ६. लाल-फार-रेड-लालमध्ये ३९.

तिसरी डबी बराच वेळ हातात धरून बघत बसले. बिया फुगलेल्या, चकचकीत, जिवंत. पाणी तेच, कागद तोच, कपाटही तेच. फक्त चार मिनिटांचा असा प्रकाश, जो मला धड दिसलासुद्धा नाही, आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. लेट्यूसचं बी बारीक असतं, आत शिदोरी थोडी. दुसऱ्या झाडांच्या सावलीत उगवलं तर वर पोचायच्या आत संपून जाईल. त्याने थांबणंच शहाणपणाचं. संध्याकाळी तिसऱ्या डबीला एक मिनीट लाल देऊन परत कपाटात ठेवली. तिच्यातल्याही बऱ्याचशा दोन-तीन दिवसांत उगवतील असा अंदाज आहे.

(२९ ला पाहिलं: उगवल्या, ३३ पर्यंत.)

८ डिसेंबर, रविवार

लेट्यूसची रोपं मोठ्या ट्रेमध्ये हलवून आठवडा झाला. वरचा कप्पा पांढरा-लाल, मधला पांढरा-लाल-फार-रेड, दोन्हीकडे सोळा तास.

फरक लांबूनच दिसतो. वरची पानं गडद, जाडसर, जमिनीला धरून. मधल्या कप्प्यातली फिकट हिरवी, लांब आणि रुंद, थोडी उभी. हिरव्या लेट्यूसमध्ये हे चांगलं: पान मोठं झालं म्हणजे उजेड झेलायला जागा वाढली. लाल काठाच्या लेट्यूसचा मात्र काठावरचा तांबडा रंग मधल्या कप्प्यात फिकट पडलाय. ज्यांना तो रंगच विकायचा आहे त्यांनी शेवटचे काही दिवस फार-रेड बंद करून बघावा.

कोथिंबीर मधल्या कप्प्यात नुसते देठ काढतेय. आई बघून म्हणाली, "जुडी उंच दिसेल गं, पण निवडायला बसल्यावर हातात काय येणार?" बरोबर आहे. घरच्या कोथिंबिरीला फार-रेड नको. त्यातून कोथिंबीर मोठ्या दिवसात तुऱ्यावर जाणारी, आणि अशा पिकांना फार-रेड फुलायची घाई करायला लावतो. धन्यांचा ट्रे वर हलवला.

१५ डिसेंबर, रविवार

दिवाळीत मामांकडून दौंड तालुक्यातून शेवंतीच्या काश्या (बुंध्यापाशी फुटलेले फुटवे) आणल्या होत्या. महिनाभर सोळा तासांच्या उजेडात त्या चांगल्या भरल्या, एकदा शेंडाही खुडला. आजपासून त्यांना खालचा कप्पा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उजेड, मग चौदा तासांची रात्र. मल्चिंग पेपरने तीन खण पाडले. पहिल्याला अखंड रात्र. दुसऱ्याला मध्यरात्री पंधरा मिनिटं लाल. तिसऱ्याला तेच पंधरा मिनिटं लाल आणि लगेच पंधरा मिनिटं फार-रेड.

मामा आजच आले होते, त्यांना हे सगळं दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आमच्या मोटारीच्या खोलीजवळच्या दोन सऱ्यांचं कोडं हेच का गं? तिथं बल्ब रात्रभर जळतो. सगळ्या रानात दसऱ्याला फुलं, आणि त्या दोन सऱ्यांत दिवाळी गेली तरी कळी नाही. पाला नुसता मातलाय. मी आपलं खत जास्त झालं म्हणत होतो."

"खत नाही मामा, त्यांना रात्रच मिळत नाहीये. बल्बला पत्र्याची टोपी घाला, उजेड दाराशीच पडू दे."

"आणि पॉलिहाऊसवाले मुद्दाम बल्ब लावतात ते?"

"ते दांडी लांब होईपर्यंत फुलू नये म्हणून. हवी तेवढी उंची आली की बल्ब बंद, मग कळ्या."

शेवंती अल्पदिवसी म्हणतात, पण ती मोजते रात्रीची लांबी. रात्रीच्या मधोमध लाल प्रकाश पडला की फायटोक्रोम पुन्हा दिवसाच्या रूपात जातं आणि एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. त्यामागे लगेच फार-रेड दिला तर हे पुसता येतं, हे कॅथी आणि बोर्थविक यांनी शेवंतीवरच १९५७ साली दाखवलं. तिसरा खण त्यासाठी. अट एकच, फार-रेड लगेच आणि थोडक्यात हवा.

२९ डिसेंबर, रविवार

लेट्यूस काढलं. वरच्या कप्प्यातली सहा रोपं मिळून ४१० ग्रॅम, मधल्या कप्प्यातली सहा मिळून ४९५. मधला कप्पा एखादा अंश थंड असतो, म्हणून यावरच थांबणार नाही. पुढच्या खेपेला फार-रेडची पट्टी वरच्या कप्प्यात आणि बिनफार-रेडची रोपं मधल्या कप्प्यात.

यात नुसत्या मोठ्या पानाचा भाग किती आणि फार-रेड स्वतः प्रकाशसंश्लेषणात हातभार लावतो त्याचा किती, हे माझ्या तराजूला कळणार नाही. हातभार लावतो हे मात्र नक्की. रॉबर्ट इमर्सन यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं की ६८५ च्या पुढचा प्रकाश एकटा दिला तर जवळजवळ निकामी असतो, पण कमी तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर दिला तर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. पानात दोन प्रकाशयंत्रणा एकापाठोपाठ एक चालतात, आणि फार-रेड त्यातल्या एकीलाच पुढे ढकलतो. अलीकडे शुयांग झेन आणि ब्रूस बग्बी या संशोधकांनी ७५० पर्यंतचे फोटॉन मोजणीत धरावेत असं मांडलं आहे, ते याच पायावर. म्हणजे फार-रेड दिवसा द्यायचा तर लाल-पांढऱ्याच्या सोबतीनेच. एकटा दिला तर तो नुसता निरोप.

५ जानेवारी २०२५, रविवार

तो नुसता निरोपही कामाचा आहे. टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे, दोन्हीकडे सारखा दिवस. एका ट्रेला रात्री बाकी दिवे विझल्यावर दहा मिनिटं फक्त फार-रेड. बस्स. दिवसभराचं काहीच बदललं नाही.

मोजपट्टी लावून मोजलं: बीजपत्रांखालची दांडी साध्या ट्रेत ३ सेंटिमीटरच्या आसपास, फार-रेडच्या ट्रेत ४ ते साडेचार. जाडीत डोळ्याला फारसा फरक नाही. रात्र सुरू होताना फायटोक्रोम सावलीच्या रूपात असलं की रोप रात्रभर लांबी वाढवत राहतं.

घरच्या कुंडीतल्या टोमॅटोला अशी लांब दांडी नको असते. पण कलमी रोपं करणाऱ्या नर्सरीत खुंटाची (ज्यावर कलम बांधायचं त्या रोपाची) दांडी लांब असली की काप घ्यायला, क्लिप लावायला जागा मिळते आणि कलमाचा सांधा मातीपासून उंच राहतो. चार वॅट, दहा मिनिटं. एका युनिट विजेत चार वर्षं चालेल. या प्रकल्पातून कुणी एकच गोष्ट उचलायची म्हटली तर मी नर्सरीवाल्यांना ही उचलायला सांगेन.

१९ जानेवारी, रविवार

शेवंती. पहिल्या खणात, अखंड रात्रीच्या, प्रत्येक शेंड्यावर कळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. भिंगातून कळीभोवतीची हिरवी सालपटं एकावर एक बसलेली स्पष्ट दिसतात. दुसऱ्या खणात एकही नाही; शेंडा उघडून पाहिला, आत पानं आणि पानंच. तिसऱ्यात कळ्या आहेत, पण सगळ्या शेंड्यांवर नाहीत आणि पहिल्यापेक्षा लहान. फार-रेडने लालचा परिणाम पुष्कळसा पुसला, पुरता नाही. पट्टीचं टोक एका कुंडीपासून लांब पडतं आणि कळ्या तिथेच कमी आहेत, त्यामुळे उजेड कमी पडणं हेही कारण असू शकेल. कुंड्यांच्या जागा बदलल्या.

मामांना फोटो पाठवले. त्यांचा उलटा फोटो आला: मोटारीच्या खोलीवर टोपी घातलेला बल्ब, आणि त्या दोन सऱ्यांत आता कळी.

२ फेब्रुवारी, रविवार

लेट्यूसची दुसरी खेप. कप्पे उलटे केले तरी फार-रेडचीच बाजू जड: ४७० विरुद्ध ४००. जागेचा फरक होता, पण थोडा. पानं थोडी मऊ असतात आणि फ्रीजमध्ये एखादा दिवस आधी मलूल होतात. घरी खायला हरकत नाही, विकायला नेणाऱ्याने धरून चालावं.

वीज: एका कप्प्याला ड्रायव्हरच्या नुकसानीसकट ३३ वॅट, सोळा तासांना अर्धा युनिट. दिवसभर फार-रेड चालवला तर त्यात ०.०६ ची भर.

९ फेब्रुवारी, रविवार

जोडणी कायमची केली. वरचा कप्पा कोथिंबीर-मेथीचा, फार-रेड नाही. मधला लेट्यूसचा, फार-रेड लालबरोबर चालू, लाल बंद व्हायच्या आधी पाच मिनिटं बंद. दिवसाचा शेवट लालवर व्हावा, रोप रात्री फार ताणू नये म्हणून. खालचा कप्पा रोपवाटिकेचा, रात्री दहा मिनिटं नुसता फार-रेड, तोही टोमॅटो-वांग्याचे खुंट असतील तेव्हाच. तीन कप्पे, तीन वेगळी वेळापत्रकं. एका तारेवर हे जमलंच नसतं.

मामांचा विचार शेवंतीच्या पुढच्या लागवडीचा आहे. उन्हाळ्यात लावायची, शेंडे खुडून फुटवा वाढवायचा, आणि तोवर रात्री मधोमध लाल देऊन कळी थोपवायची. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. त्यांच्या वाणाला लांब रात्री मिळू लागल्यापासून फूल तोडणीला यायला नऊ आठवडे धरले, तर जुलैच्या शेवटी दिवे बंद. मी दोनच सऱ्या मागितल्या आहेत, शेजारच्या दोन बिनदिव्याच्या राहतील. शेतात ७३० नेणार नाही, तिथे त्याचं काम नाही. ६६० च्या पट्ट्या पावसात टिकायला हव्यात, म्हणून या आठवड्यात पहिली पट्टी सिलिकॉनने बंद करून बादलीत बुडवून बघायची आहे.